घराचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी बावीस वर्षं काढली. ताब्याच्या नोटिसा दारांवर चिकटवल्या, पंचनाम्यांवर सह्या घेतल्या. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसतो आणि ज्यांची घरं अडकली आहेत त्यांचे कागद वाचून देतो. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. अनेकांचं घर पैशांआधी मुदतीपायी जातं. अमुक दिवसांत अर्ज द्यायचा होता, तो दिलाच नाही. म्हणून खालच्या उत्तरांत दिवसांचे आकडे सतत येतील. ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमच्या कागदांपुरता शेवटचा सल्ला मात्र वकिलाचाच घ्या.

१. काका, दोन हप्ते चुकलेत. घर लगेच जातं का?

नाही. हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँक खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरवते. त्याआधी खातं एसएमए, म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं, अशा तीन पायऱ्या उतरतं: ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२. समजा ५ जानेवारीचा हप्ता चुकला आणि नंतर काहीच भरलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खातं एनपीए होईल. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते, म्हणजे जून उजाडतो. त्यानंतर ताब्याची नोटीस, मग प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग लिलाव.

यातला सर्वात स्वस्त टप्पा पहिले ९० दिवस. तोवर सगळ्यात जुना हप्ता भरला तरी खातं एनपीए होण्यापासून वाचतं. एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्ते भरून भागत नाही. खातं पुन्हा नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील तर ते ८९व्या दिवसाच्या आत भरा, ९५व्या दिवशी नव्हे.

२. बँकेला आपण होऊन अडचण सांगितली तर त्यांना आयतंच सापडणार नाही का?

ही भीती मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिली आहे. पण तुमचा हप्ता आला नाही हे बँकेच्या संगणकाला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. कळत नाही ते कारण. नोकरी गेली, आजारपण आलं, धंद्याचे पैसे अडकले, जे असेल ते अर्जात लिहा. सोबत कागद जोडा: कामावरून कमी केल्याचं पत्र, हॉस्पिटलचं बिल. पैसे कधी आणि कुठून येतील तेही लिहा.

तोंडी बोलणं संपलं की हवेत विरतं, आणि मॅनेजरची बदली झाली की नव्या मॅनेजरला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच पुढे प्रत्येक टप्प्यावर कामाला येते. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

३. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का? ते करावं का?

मागता येतं. द्यायचं की नाही हे बँक ठरवते. पण आधी आकडेमोड करा. तीस लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, वीस वर्षं असा हिशेब धरला तर हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येतो. मुदत तीस वर्षं केली तर २४,१३९. म्हणजे महिन्याला २,८५० रुपयांच्या आसपास सुटका, आणि त्यापायी एकूण जवळजवळ २२ लाख जास्त व्याज. वर्षभराची अडचण असेल तर निभावून न्यायला हे चालेल, पुढे हप्ता पुन्हा वाढवून घ्या. पण अडचण महिन्याला पंधरा हजारांची असेल तर मुदत वाढवून ती सुटणार नाही. तेव्हा प्रश्न १२ आधी वाचा.

व्याजदर वाढल्यामुळे हप्ता किंवा मुदत वाढली असेल तर रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३चं परिपत्रक तुमच्या बाजूचं आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा असतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जात थोडी रक्कम आधी भरली तरी दंड लागत नाही. भविष्य निर्वाह निधीतूनही गृहकर्जासाठी पैसे काढण्याची सोय आहे. तुमच्या सेवेच्या वर्षांना कुठली अट लागू होते ते ऑफिसमध्ये विचारा.

४. साठ दिवसांची नोटीस आलीय. पहिल्यांदा काय करू?

पाकीट उघडा. हे मी मुद्दाम लिहितोय. एका ताईंनी तीन पाकिटं देवघराखालच्या खणात, कुंकवाच्या डबीशेजारी, न उघडता ठेवलेली होती. तिसऱ्यातली मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती.

ही नोटीस २००२च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची असते. कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा हा कायदा. साठ दिवसांत सगळं कर्ज भरा, नाहीतर तारण घराचा ताबा घेऊ, असं ती सांगते. सगळं कर्ज म्हणजे थकलेले हप्तेच नव्हे, उरलेलं मुद्दलही. तो आकडा पाहून माणूस गारठतो. पण या टप्प्यावर बऱ्याच बँका थकबाकी भरून खातं नियमित करायला तयार असतात, हे माझ्या अनुभवाने सांगतो.

नोटिशीवर पेन्सिलीने खुणा करा. एनपीएची तारीख बरोबर आहे का? ९० दिवस खरंच उलटले होते का? तुम्ही भरलेली एखादी रक्कम जमा धरायची राहिली आहे का? घराचं वर्णन, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ जुळतं का? दंडव्याज लावलंय का? उशिरासाठी बँक आता दंडाचं शुल्क घेऊ शकते, पण व्याजदर वाढवून दंडव्याज घेऊ शकत नाही आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवू शकत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला, जुन्या कर्जांना त्याच वर्षी ३० जूनपर्यंत लावायचा होता.

मग साठ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. कलम १३(३अ) नुसार बँकेला ती विचारात घ्यावी लागते आणि मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. भाषा साधी चालते:

"आपली दि. … ची नोटीस मला दि. … रोजी मिळाली. नोटिशीत दि. … रोजी भरलेले रु. … जमा धरलेले नाहीत. कृपया खातेउतारा व व्याजाचा तपशील द्यावा. माझी नोकरी दि. … रोजी गेली असून दि. … पासून नवी नोकरी लागली आहे. थकबाकी … हप्त्यांत भरण्यास मी तयार आहे. पहिला हप्ता सोबत भरत आहे."

शेवटचं वाक्य खरं करता आलं तर नक्की करा. थोडे का होईना, पैसे भरलेल्या माणसाकडे बँकही वेगळ्या नजरेने पाहते आणि न्यायाधिकरणही (प्रश्न ११).

एक बंधन ध्यानात असू द्या. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही किंवा भाड्याने देता येत नाही.

५. नोटीस घेतलीच नाही तर? पोस्टमनला परत पाठवलं तर?

काही उपयोग नाही, उलट तोटा. नोटीस घ्यायची टाळली तर बँक ती दारावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मुदत चालूच राहते, फक्त तुम्हाला तिचा पत्ता नसतो.

६. सरफेसी कायदा लागू होत नाही अशीही प्रकरणं असतात ना?

असतात, आणि ती तपासल्याशिवाय हार मानू नका. देणं एक लाखाच्या आत असेल तर हा कायदा लागत नाही. कर्जाचा बहुतेक भाग फिटला असेल आणि मुद्दल व व्याज यांच्या २० टक्क्यांपेक्षा कमी देणं उरलं असेल, तरीही नाही. पंधरा-सोळा वर्षं प्रामाणिकपणे हप्ते भरून शेवटी अडखळलेल्या माणसासाठी ही फार मोठी ढाल आहे, आणि ती कुणी आपण होऊन सांगत नाही. अशा वेळी बँकेला दावा लावून वसुली करावी लागते.

शेतजमीन तारण असेल तरी हा कायदा लागत नाही. मात्र सातबाऱ्यावर शेती लिहिलेली असणं पुरेसं नाही. गोव्यातल्या एका हॉटेलच्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जमिनीचा खरा वापर काय, तेच पाहिलं. शेतातल्या घरावर कर्ज असेल तर पीकपाण्याची नोंद आणि प्रत्यक्ष लागवड दाखवता आली पाहिजे.

बिगरबँक वित्त कंपनीला, म्हणजे एनबीएफसीला, २० लाख किंवा त्याहून मोठ्या कर्जासाठीच हा कायदा वापरता येतो. गृहवित्त कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ही अट नाही, म्हणून करारावर कंपनीचा नेमका प्रकार वाचा. "आमची तर सहकारी बँक आहे, तिला कुठला सरफेसी?" असं अजून ऐकू येतं. तो वाद संपला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहकारी बँकांना सरफेसी लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्थेसाठी प्रश्न १६ पाहा.

७. हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेतील का?

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. पण दिलेला चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला तर २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खालीही. तशी नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास तक्रारीचं कारणच उरत नाही. म्हणून "ठेवा एक चेक, गरज पडली तर बघू" असं म्हणणाऱ्याच्या हातात कोरा चेक देऊ नका.

८. वसुलीची माणसं रात्री फोन करतात, शेजाऱ्यांना सांगतात. हे चालतं का?

नाही चालत. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास, कशालाच परवानगी नाही. आलेल्या माणसाचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. रोख रक्कम हातात देऊ नका, खात्यात भरा. फोनची वेळ, नंबर, बोललेलं वाक्य वहीत टिपा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. गृहवित्त कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. जिवाची भीती वाटावी अशी धमकी असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

वसुलीचं काम मीही केलं आहे. सन्मानाने बोलूनच जास्त पैसे येतात, हे आमच्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असतं.

९. घरात कुणाला सांगितलेलं नाही. झोप लागत नाही. नको नको ते विचार येतात.

ते विचार येत असतील तर बाकीची उत्तरं राहू द्या, आधी एका माणसाशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आत्ता लावा.

आणि घरच्यांना सांगा. गृहकर्जात बायको बहुतेकदा सहकर्जदार असते, नोटीस तिच्याही नावाने निघते. दारावर चिकटलेल्या कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ सात महिने रोज डबा घेऊन घरातून निघत आणि बसस्टँडवर बसून संध्याकाळी परतत. शेवटी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला चौथ्या महिन्यापासून माहीत होतं, तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होते." त्या दोघांनी बसून हिशेब मांडला तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. मुलांना आकडे सांगायची गरज नाही. पण घरात पैशाची ओढ आहे आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, एवढं त्यांना कळू द्या.

१०. दारावर ताब्याची नोटीस लावून गेले. पण आम्ही तर घरातच आहोत. म्हणजे नेमकं काय झालं?

हा सांकेतिक ताबा. कागदावर ताबा बँकेचा, राहणं तुमचं. ही नोटीस सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते. शेजारी वाचतात, सोसायटीत कुजबुज होते, ते सोसावं लागतं. त्या लाजेपोटी बॅगा भरून गावी निघून जाऊ नका, आणि चावी देऊन टाकू नका. प्रत्यक्ष ताब्यासाठी तुम्ही विरोध करत असाल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मुंबईसारख्या शहरात दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. कायद्याने तो आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

नोटीस लागली त्या तारखेपासून ४५ दिवस मोजा. का, ते पुढच्या प्रश्नात.

११. डीआरटीत जायचं म्हणजे काय? आधी पैसे भरावे लागतात का?

डीआरटी म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. आपल्याकडे ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. सरफेसीच्या कारवाईविरुद्ध दिवाणी कोर्टात जाता येत नाही, कलम १७ खाली इथेच यावं लागतं, ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत. नुसत्या साठ दिवसांच्या नोटिशीवर अर्ज चालत नाही.

अर्ज दाखल करायला कर्जाचा हिस्सा आधी भरण्याची अट नाही. मूळ कायद्यात ७५ टक्के भरण्याची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात रद्द केली. कोर्ट फी मात्र लागते. स्थगिती देताना न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरायला सांगतं, तेवढी तयारी ठेवून जा. इथे हरल्यावर अपिलात जायचं तर ५० टक्के भरावे लागतात, ते कमीत कमी २५ टक्क्यांपर्यंत आणता येतात. म्हणून सगळी ताकद पहिल्याच अर्जात लावा.

तिथे भावनेपेक्षा कागद चालतो. हरकतीला उत्तर दिलं नाही, नोटीस नीट बजावली नाही, मूल्यांकन चुकीचं, मुदत पाळली नाही, असे मुद्दे टिकतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. घर दोघांच्या नावावर असेल तर ताई, अर्ज तुमच्या नावाने करा.

१२. लिलाव होण्यापेक्षा घर मीच विकून टाकू का?

कमाई पुन्हा उभी राहण्याची शक्यता दिसत नसेल तर हो, आणि लवकर. मला ठाऊक आहे की हे वाचताना पोटात खड्डा पडतो. त्या घरात मुलांची बारशी झालेली असतात. पण स्वतः विकलेल्या घराला बाजारभाव मिळतो, वर उरलेली रक्कम हातात येते आणि नवीन भाड्याचं घर शोधायला वेळ मिळतो. लिलावात यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

पद्धत अशी. बँकेकडून दोन कागद मागा: आजचं एकूण देणं किती याचं पत्र, आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. खरेदीदार स्वतः कर्ज घेणार असेल तर त्याची बँक थेट तुमच्या बँकेला चेक देते आणि मूळ कागद तिकडे जातात. साठ दिवसांची नोटीस आलेली असेल तर विक्रीआधी बँकेची लेखी संमती घ्या (प्रश्न ४).

१३. लिलावाची जाहिरात आली आणि आता भावाने पैसे दिलेत. भरले तर घर परत मिळेल ना?

हा सगळ्यात जास्त रडवणारा प्रश्न आहे. सगळं देणं खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत वेळ मिळायचा, २०१६च्या दुरुस्तीने तो कमी झाला. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी बाफना मोटर्स प्रकरणात हे स्पष्ट केलं. जाहिरातीनंतर हक्क म्हणून काही मागता येत नाही.

तरी त्याच दिवशी पैसे आणि अर्ज घेऊन बँकेत जा. लिलाव व्हायचा असेल तर बँक ऐकू शकते, आणि जाहिरातीतच मुदतीची चूक असेल तर डीआरटीत दाद मागता येते. पहिल्या लिलावाआधी तुम्हाला आणि जाहीरपणे ३० दिवसांची नोटीस हवी. तो फसून पुन्हा ठेवला तर १५ दिवसांची. भाऊ, मेहुणा, मामा यांच्याकडे शब्द टाकायचा असेल तर साठ दिवसांच्या नोटिशीच्या वेळी टाका. माणसं तेव्हाही तीच असतात.

१४. प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी काय होतं?

तहसील कार्यालयाचा माणूस किंवा कोर्टाने नेमलेला कमिशनर येतो, सोबत बँकेचा अधिकारी, पंच आणि पोलीस. आदेशाची प्रत मागून वाचा. तारण घर आहे, घरातलं सामान नाही, त्यामुळे सामान तुमचंच. आत राहिलेल्या वस्तूंची यादी पंचनाम्यात येते, तिची प्रत घ्या आणि फोटो काढा. औषधं, चष्मे, मुलांचे दाखले, आधार कार्डं, दागिने, देव हे आदल्या रात्रीच एका पिशवीत ठेवा. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, बाळंतीण असेल, दहावी-बारावीची परीक्षा चालू असेल, तर आधीच लेखी कळवून मुदत मागा. मी अशा दोन प्रकरणांत मुदत दिलेली आहे, आणि त्याने बँकेचं काही बिघडलं नाही. हातघाईवर मात्र येऊ नका, नाहीतर वर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागतो.

१५. साठ लाखांचं घर चाळीसला विकतील. आणि वरचे पैसे बँक ठेवून घेणार?

वरचे पैसे तुमचे. देणं आणि खर्च वजा जाता उरेल ते बँकेने परत द्यायचं असतं, हिशेब लेखी मागा. विक्री राखीव किमतीच्या खाली करता येत नाही. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावरून ठरते. ती पडेल वाटली तर त्याच इमारतीतल्या नुकत्याच झालेल्या विक्रीचा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा उतारा) आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचा, दर जोडून लगेच हरकत घ्या. चांगला गिऱ्हाईक माहीत असेल तर त्याला लिलावात बोली लावायला सांगा.

उलटही होतं. रक्कम कमी पडली तर उरलेल्यासाठी बँक तुमच्यावर आणि जामीनदारावर दावा लावू शकते. घर गेलं म्हणजे देणं संपलं असं नाही. त्यामुळे एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, करताना "या रकमेत संपूर्ण देणं फिटलं" असं पत्रावर लिहून घ्या. ओटीएस हा हक्क नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं सांगितलं आहे, आणि क्रेडिट अहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो. "साहेब ओळखीचे आहेत, पन्नास हजार द्या, ओटीएस करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

१६. आमचं कर्ज पतसंस्थेचं आहे. हेच नियम का?

नाही, रस्ता वेगळा. पतसंस्था बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते. गावात सगळे "एकशे एकचा दाखला" म्हणतात. दाखल्याआधी सुनावणी असते आणि तिथे बहुतेक लोक जातच नाहीत. जा. खातेउतारा मागा, व्याज तपासा, भरलेल्या पावत्या दाखवा. कारण दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.

सरफेसीत नसलेली एक सोय मात्र इथे आहे. नियम १०७ खाली लिलाव झाल्यावरही ३० दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून लिलाव रद्द करून घेता येतो.

१७. कर्ज वडिलांच्या नावावर होतं, ते वारले. आता हप्ते कोणी भरायचे?

आधी कर्जाच्या फाइलमध्ये विमा शोधा. अनेकदा कर्ज देतानाच विम्याचा हप्ता कर्जात धरलेला असतो आणि घरात कुणाला त्याची कल्पना नसते. खातेउताऱ्यात पहिल्याच महिन्यात विमा कंपनीच्या नावाने गेलेली रक्कम दिसते का पाहा. असेल तर मृत्यूदाखल्यासह लगेच दावा करा. विमा नसेल तर सहकर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी पूर्ण राहते. फक्त वारस असाल तर वडिलांकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच देणं. स्वतःच्या पगारातून भरायची सक्ती नाही, पण घर ठेवायचं असेल तर भरावं लागेल.

१८. आम्ही भाडेकरू आहोत. मालकाचं घर जप्त होतंय.

भाडेकरार घर गहाण पडण्याआधीचा आणि नोंदणीकृत असेल तर तुमची बाजू बळकट. २०१६ पासून भाडेकरूलाही डीआरटीत अर्ज करता येतो. करार, भाड्याच्या पावत्या, वीजबिल गोळा करा. नोटिशीनंतर बँकेला न विचारता केलेला करार टिकणं अवघड.

१९. बिल्डरने ताबाच दिला नाही. मग हप्ते का भरायचे?

राग रास्त आहे, पण बँकेचा करार तुमच्याशी आहे. हप्ते थांबवले तर तुमचं खातं एनपीए होतं, बिल्डरचं नव्हे. महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, रेरा कायद्याच्या कलम १८ खाली तक्रार करा. प्रकल्पात राहायचं असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. तक्रारीची प्रत बँकेला देऊन हप्त्यात सवलत मागा.

२०. मी दुबईत असतो, फ्लॅट ठाण्यात. नोटीस कुणाच्या हाती लागणार?

कागदावर जो शेवटचा पत्ता आहे तिथे ती जाते, आणि बंद दारावर चिकटते. बँकेला आजचा पत्ता आणि ईमेल लेखी कळवा. इथे विश्वासाच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या. ते परदेशात केलं असेल तर इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्या.

२१. हप्ता भरायला सावकाराकडून उचलू का?

नको. बँकेच्या कर्जाला निदान नोटीस, मुदत, न्यायाधिकरण आहे. सावकार घराचं खरेदीखतच लिहून मागतो, "पैसे दिलेस की उलटं करून देईन" म्हणतो. आधीच असं झालं असेल तर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. विनापरवाना सावकारीतून बळकावलेली मालमत्ता कलम १८ खाली परत मिळू शकते.

२२. सगळं फेडलं. आता घराचे कागद कधी मिळणार?

पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेताना एलओडी शेजारी ठेवा आणि एकेक पान मोजून घ्या: मूळ खरेदीखत, नोंदणीची पावती, इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट, बिल्डरचा ताबा दाखला. ना-थकबाकी दाखला घ्या. बँकेकडे राहिलेले चेक परत मागा. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र देऊन त्यांच्या दप्तरातली गहाणाची नोंद काढायला सांगा. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर बँकेच्या पत्रासह तो कमी करायचा अर्ज द्या, आणि महिन्याभराने नवा उतारा काढून बोजा खरंच उतरला का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.